राखेवरील पाऊलखुणा

आमच्या तरुणपणी वाणिज्य शाखेच्या मुलामुलींना दोनच वाटा ठाऊक होत्या. बँकेची परीक्षा देऊन खिडकीमागे बसायचे, किंवा जिद्द व घरची ऐपत असेल तर सी. ए. होऊन इतरांच्या वह्या तपासायच्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या स्टेशनांवरून रोज सकाळी मुंबईकडे धावणाऱ्या लोकलगाड्यांनी अशा कारकुनांच्या व हिशेबनिसांच्या पिढ्या वाहून नेल्या. आता त्यांची मुले एका तिसऱ्या वाटेची चौकशी करू लागली आहेत. त्या विषयाला फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणतात. मराठीत त्याला अद्याप रुळलेला शब्द नाही. परंतु कलिना येथील शासकीय प्रयोगशाळेच्या नावात 'न्यायसहायक' असा एक चांगला शब्द आहे. त्याच्या आधारे ह्या विषयाला न्यायसहायक लेखाशास्त्र म्हणता येईल. हिशेबातील लबाडी नुसती ओळखायची नव्हे, तर न्यायालयात टिकेल अशा पुराव्यानिशी उघड करायची, हा ह्या शास्त्राचा उद्देश.

'फॉरेन्सिक' हे विशेषण लॅटिनमधील 'फोरुम' ह्या शब्दापासून आले. फोरुम म्हणजे रोमन नगरातील भर चौक. तेथे बाजार भरे, सभा होत आणि खटलेही चालत. चार लोकांच्या देखत जे सांगता येते आणि जे उलटतपासणीत कोसळत नाही, ते फॉरेन्सिक. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा कायदा शिकताना हाच फोरुम आम्हांला दोन रूपांत भेटला होता. एक अंतर्गत, म्हणजे सद्सद्विवेकाचे व पापनिवेदनाचे क्षेत्र. दुसरा बाह्य, जेथे कृत्ये, कागद व साक्षीदार बोलतात. ह्या भेदाकडे मी पुढे वळणार आहे, कारण माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे.

प्रश्न असा. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बी. कॉम. झाल्यावर हा विषय शिकू लागली. तिची आई एका रविवारी मिस्सा झाल्यावर मला म्हणाली, "फादर, तुम्हीच समजवा हिला. आता ती माझ्या भिशीच्या वहीलासुद्धा सोडत नाही. वाण्याचं बिल हातात घेतलं की उजेडात धरून बघते." आई हसत होती, मुलगी मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "फादर, कोणाचीही सही पाहिली की आधी ती खोटी असेल असंच मनात येतं. आम्हांला शिकवतातच तसं. दिवसभर संशय घ्यायचा आणि रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून ऐकायचं, हे दोन्ही एका मनात कसं राहणार?"

प्रश्न विचारण्यास सोपा व उत्तर देण्यास अवघड आहे. तो केवळ तिचा नाही. पोलीस, न्यायाधीश, परीक्षेच्या वर्गात फिरणारा शिक्षक, सीमाशुल्क अधिकारी, इतकेच कशाला, घरातील कर्त्या स्त्रीलाही तो केव्हा ना केव्हा पडतोच.

प्रथम ही मुले शिकतात तरी काय, ते पाहू. १८९६ साली इंग्लंडमध्ये किंग्स्टन कॉटन मिल प्रकरणात न्यायमूर्ती लोप्स ह्यांनी हिशेबतपासनिसाला दारावर राखण करणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली. माग काढीत जाणारा शिकारी कुत्रा तो नव्हे, असे त्यांचे म्हणणे. समोरची माणसे प्रामाणिक आहेत असे धरून चालण्याची त्याला मुभा आहे. काही वावगे दिसल्यास मात्र डोळे मिटता येणार नाहीत. ही उपमा आमच्याकडील कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे पाठ केली. नवे शास्त्र माग काढावयास शिकवते. पावत्यांचे क्रमांक ओळीने लागत असतील, तर त्या दुकानदाराला आपल्यावाचून दुसरे गिऱ्हाईकच नाही काय? व्हाउचरवर रविवारची तारीख कशी? साहेबाच्या मंजुरीची मर्यादा पन्नास हजारांची असताना एकोणपन्नास हजारांची इतकी बिले कोठून आली? बेनफर्डच्या नियमाचे तर मलाही नवल वाटले. नैसर्गिकपणे गोळा झालेल्या लहानमोठ्या रकमांच्या मोठ्या यादीत १ ह्या अंकाने सुरू होणाऱ्या रकमा शेकडा ३० च्या आसपास असतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या शेकडा ५ हूनही कमी. फ्रँक बेनफर्ड ह्यांनी १९३८ साली हे मांडले; सायमन न्यूकोंब ह्या खगोलशास्त्रज्ञाच्या ते १८८१ सालीच ध्यानात आले होते. खोटे आकडे रचणारा मनुष्य मात्र सर्व अंकांना सारखी वाटणी देऊ पाहतो, आणि त्या समदृष्टीमुळेच पकडला जातो. भारतातील सनदी लेखापालांच्या संस्थेने ह्या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालविला आहे आणि १ जुलै २०२३ पासून अशा तपासाची मानकेही आपल्या सभासदांना बंधनकारक केली आहेत. म्हणजे हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

आणि तो वाटतो तितका नवाही नाही. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये दानिएलच्या ग्रंथाचे १३ व १४ हे दोन अध्याय आहेत. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये ते नसतात. तेराव्या अध्यायात सुसान्नेवर दोन वडीलधारे न्यायाधीश व्यभिचाराचा आळ घेतात. तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो : कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडे सांगतात. आजही तपासणीस साक्षीदारांना एकत्र बसू देत नाही, ते ह्याच कारणाने. चौदावा अध्याय तर थेट हिशेबाचा आहे. बेल ह्या मूर्तीपुढे रोज पीठ, चाळीस मेंढरे व द्राक्षारस ठेवला जाई आणि सकाळी सारे फस्त झालेले असे. देव जिवंत आहे, अशी राजाची खात्री होती. दानिएलने रात्री देवळाच्या जमिनीवर राख पसरवून घेतली. मग दारे बंद करून राजाच्या अंगठीने मोहोर केली. सकाळी मोहोर शाबूत आणि मेज रिकामे. राजा जयघोष करू लागला, तेव्हा दानिएल हसला आणि त्याने जमिनीकडे बोट दाखविले. राखेवर पुरुषांची, स्त्रियांची व मुलांची पावले उमटली होती. सत्तर पुजारी आपल्या बायकामुलांसह मेजाखालच्या चोरदाराने येऊन जेवून जात.

मोहोर शाबूत होती, हे ह्या कथेतील सर्वांत शिकण्यासारखे. ज्याने फक्त दार तपासले त्याला सारे ठीक दिसले असते. १९८४ साली स्थापन झालेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची दारेही अशीच वर्षानुवर्षे मोहोरबंद दिसत होती. मुंबई आणि ठाणे परिसरातील टॅक्सीवाले, निवृत्त शिक्षक, गृहनिर्माण सोसायट्या अशा सामान्यांचे पैसे तेथे होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढता येतील असे जाहीर झाले. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. फिर्यादीत नमूद झाल्यानुसार, बांधकाम व्यवसायातील एका समूहाशी संबंधित व इतर अशा ४४ अडचणीच्या कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली होती. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम त्या एका समूहाकडे होती. मोठी कर्जे तपासली जातात, लहान खात्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, एवढ्या साध्या जाणिवेवर हा डोलारा उभा होता. म्हणून मोठ्या थोड्या आकड्यांचे लहान पुष्कळ आकडे केले. ती २१,०४९ खाती बँकेच्या संगणक प्रणालीत कधी उघडलीच नव्हती. तपासनिसांपुढे ठेवावयाच्या यादीत तेवढी ती होती. यादीतील प्रत्येक खात्याची प्रणालीतील नोंद कोणी मागितली असती, तर राखेवर पावले दिसली असती. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचा आधार मिळाला. त्यावरील रकमांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे ठेवीदारांच्या नशिबी आले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. संशय घेणे हे पाप आहे का?

संत थॉमस अक्विनास ह्यांनी 'सुम्मा'मध्ये ह्याचा विचार फार बारकाईने केला आहे. संशय तीन उगमांतून निघतो, असे ते सांगतात. एक, मनुष्य स्वतःच वाईट असतो, म्हणून इतरांनाही तसेच समजतो. दुसरा, समोरच्याविषयी त्याच्या मनात आधीच अढी असते. तिसरा उगम दीर्घ अनुभवाचा. म्हणूनच म्हातारी माणसे अधिक संशयी असतात. पहिल्या दोन प्रकारांत दोष आहे. तिसऱ्यात तो कमी, कारण अनुभव मनुष्याला खात्रीच्या जवळ नेतो. महाविद्यालय ह्या मुलांना काय देते? दुसऱ्यांनी पन्नास वर्षांत मिळविलेला अनुभव दोन वर्षांत देते. विशीतील मुलीला साठीतील माणसाचे डोळे मिळतात. तिला ते जड वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु अक्विनास तेथे थांबत नाहीत. दुष्टाला चांगले समजून अनेकदा फसलो तरी चालेल, पण चांगल्याला क्वचितही वाईट समजू नये, असे ते निक्षून सांगतात. हे वाचून कोणताही तपासणीस हबकेल. मात्र त्याच ठिकाणी ते दोन भेद करतात. पहिला भेद वस्तू आणि व्यक्ती ह्यांतील. वस्तूविषयी निर्णय करताना ती जशी आहे तशीच पाहावी. तिला चांगले म्हणण्याचे औदार्य दाखवायचे कारण नाही, कारण त्यामुळे तिचा मान वाढत नाही की कमी होत नाही. व्यक्तीच्या बाबतीत मात्र उघड पुरावा नसेल तोवर चांगल्याकडे झुकावे. पावती ही वस्तू आहे. ती उजेडात धरून पाहण्याने वाण्याचा अपमान होत नाही. वाणी चोर आहे असे मनाशी ठरविल्याने होतो. दुसरा भेद गृहीत धरणे आणि ठरविणे ह्यांतील. एखाद्या अनर्थावर उपाय योजायचा असेल, तेव्हा वाईटात वाईट गृहीत धरणे योग्यच, कारण मोठ्या दुखण्यावर चालणारे औषध लहानावरही चालते. तसे ठरवून मोकळे होणे मात्र अयोग्य. दाराला कुलूप लावणारा शेजाऱ्यांना चोर ठरवीत नसतो.

मी त्या मुलीला एवढेच सांगितले की, तुझा संशय कागदावर ठेव आणि कागदावरून माणसाकडे जाताना पायरी मोजून उतर. कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, किती हप्ते थकलेला, नवी गाडी कोठून आली, असल्या कुजबुजीवरून सुरू होणारा तपास हा तपास नसून चहाडी होय. आपल्या समाजात तिचे शिक्षण मुळीच दुर्मीळ नाही आणि त्याला फीही पडत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच मोठी आहे. भोळेपणालाच आपण प्रीतीचे नाव देतो. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सच्या डोंबिवली, ठाणे येथील पेढ्यांची शटरे खाली आली. मासिक हप्त्यांच्या योजनेत व ठेवींत पैसे घातलेले शेकडो लोक बाहेर उभे राहिले. डिसेंबरात मालक बंधूंना अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये टोरेसच्या दुकानांबाहेर तेच दृश्य पुन्हा दिसले. त्यांचे एक दुकान कल्याणलाही होते आणि परताव्याचे वचन आठवड्याच्या आठवड्याला होते. अशा ठिकाणी पैसे घालणाऱ्यांनी सगळा विचार सोडला होता असे नाही. त्यांनी विचार केला तो माणसाचा : अमुक भाऊंनी ठेवले आहेत, आपल्याच ओळखीतले एजंट आहेत. कागद मागितला असता तर त्या भाऊंना वाईट वाटले असते! भिडेपोटी न विचारलेल्या प्रश्नांची किंमत पुष्कळदा विधवेच्या ठेवीतून चुकवली जाते.

अपहार करणारी माणसे कशी असतात, ह्याचा शोध अमेरिकेतील डोनल्ड क्रेसी ह्या समाजशास्त्रज्ञाने तुरुंगातील अशा कैद्यांना भेटून घेतला. त्याचे पुस्तक १९५३ साली निघाले. कोणाला सांगता न येणारी पैशाची नड, हाती आलेली संधी आणि स्वतःच्या मनाची समजूत घालण्याची युक्ती, अशा तीन गोष्टी त्याला आढळल्या. वर्गात ह्याचा त्रिकोण काढून शिकवतात. त्यातील तिसरी बाजू आम्हां धर्मगुरूंच्या फार जुन्या ओळखीची आहे. 'उसने घेतो, महिनाअखेर परत ठेवीन', 'मी राबतो त्या मानाने मालक देतो काय?' ही भाषा नवी नाही. आपल्याला मिळणारा पगार कष्टांच्या मानाने कमी आहे असे वाटल्यास नोकराने धन्याचे गुपचूप घेऊन भरपाई करावी, असे मत सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञ मांडत असत. पोप अकरावे इनोसंट ह्यांनी १६७९ साली ते धिक्कारले. रोममध्ये ज्यावर बंदी आली, ते आमच्या कचेऱ्यांतून अजून सुखाने नांदत आहे.

आतापर्यंतचे सारे सोपे होते. कारण चोर एकीकडे आणि लुबाडलेले दुसरीकडे, असे आपण धरून चाललो. डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने ही रेषा पुसून टाकली. विकासकांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या, त्या महारेराकडे सादर केल्या आणि नोंदणी क्रमांक मिळविले, असे ते प्रकरण. महारेराचा क्रमांक पाहून घर घ्यावे, असे शासनच सांगत होते. लोकांनी तसेच केले. बँकांनीही कर्जे दिली. संदीप पाटील ह्या वास्तुविशारदांनी पाठपुरावा करून ही बनवेगिरी चव्हाट्यावर आणली व मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२२ साली गुन्हे नोंदले गेले, विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांच्या पायांखालची जमीन सरकली. मग मोर्चे निघाले, काही रहिवासी पुन्हा न्यायालयांत गेले, आणि कोणालाही बेघर होऊ देणार नाही अशी आश्वासनेही मिळाली.

ह्या तपासात कोणतेही गूढ गणित नव्हते. एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या कार्यालयाच्या दप्तराशी ताडून पाहायचा होता, एवढेच. जे काम नोंदणीच्या वेळी टपालाच्या खर्चात झाले असते, ते इमारती उभ्या राहून त्यांत पाळणे हलू लागल्यावर झाले. त्यामुळे आता सत्य सांगणाराच घर पाडणारा वाटतो. 'त्याने हे उकरून काढलेच नसते तर?' असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात, ती ई.एम.आय. भरणारी माणसे असतात. माझेही मन त्यांच्याकडे ओढ घेते. परंतु नीट विचार करता, त्यांचे घर ज्या दिवशी खोटा शिक्का उमटला त्याच दिवशी पडले होते. पडल्याचा आवाज उशिरा आला. गप्प बसल्याने जुन्या रहिवाशांचे घर कायदेशीर झाले नसते, उलट सहासष्टाव्या इमारतीला गिऱ्हाईके मिळाली असती.

तथापि एवढ्याने समाधान होत नाही. दानिएलच्या कथेचा शेवट आपण सहसा वाचून दाखवीत नाही. राजाने त्या पुजाऱ्यांना ठार केले, आणि बायकामुलांनाही. राखेवर लहान पावले उमटली होती, हाच त्या मुलांविरुद्धचा पुरावा! आईबापांनी बोट धरून नेले म्हणून ती जेवायला गेली होती. दानिएलने लबाडी दाखविली, हे योग्यच. पण मोठी पावले आणि लहान पावले ह्यांत राजाने भेद केला नाही, आणि ग्रंथकाराला त्यावर काही म्हणावेसेही वाटले नाही. मला वाटते, न्यायसहायक लेखाशास्त्राच्या वर्गात ही कथा सांगावी आणि येथे थोडे थांबावे. कोणी खाल्ले, एवढे लिहून अहवाल पुरा होत नाही. जाणूनबुजून कोणी खाल्ले आणि नकळत कोण जेवले, हेही तितक्याच काळजीने लिहावे लागते. डोंबिवलीच्या प्रकरणात शिक्का खोदणारा आणि क्रमांक पाहून आयुष्यभराची पुंजी देणारा, दोघांची पावले एकाच राखेवर आहेत.

आमच्या युवक मंडळाच्या बैठकीत ह्या विषयावर चर्चा झाली, तेव्हा एका विद्यार्थिनीने प्रश्न टाकला. समजा, प्रशिक्षण म्हणून एखाद्या पतपेढीचे हिशेब तपासताना तेथील हिशेबनिसाने ठेवीदारांच्या खात्यांतून रकमा फिरविल्याचे दिसले. आणि समजा, तो आपल्याच धर्मग्रामातला, आपल्या भावाचा धर्मपिता आहे. प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की, भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याची समजूत घाल. आणि आमचे शिक्षक सांगतात की, संशयिताला चाहूल लागू देऊ नका, तो पुरावे नष्ट करील. मग ऐकायचे कोणाचे? सभागृहात शांतता पसरली. बँकेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "पोरी, आधी त्याला सांग. चार तोंडं आहेत त्याच्या घरात. पैसे भरून टाकील बिचारा." पुष्कळांनी माना डोलावल्या.

मी मान डोलावू शकलो नाही. एकांतातील समजूत हा नियम खरा, पण अक्विनास त्यालाही मर्यादा घालतात. ज्या गुप्त पापाने फक्त करणाऱ्याचेच अहित होते, तेथे आधी एकांतात बोलावे. ज्याने इतरांची हानी होत आहे, उदाहरणार्थ कोणी शहर शत्रूच्या हवाली करण्याचा कट करीत आहे, तेथे ताबडतोब कळवावे. एकांतातील शब्दाने ती हानी नक्कीच थांबेल अशी ठाम खात्री असेल तरच वाट पाहावी. ठेवीदारांच्या पैशाची अफरातफर ह्या दुसऱ्या प्रकारात येते. ती एकदा घडून संपत नाही. एक खड्डा बुजविण्यास दुसरा खणत ती रोज पुढे सरकते. त्या चार तोंडांची आठवण त्या गृहस्थांना झाली, कारण ती त्यांच्या ओळखीची होती. ठेवीदारांच्या घरीही तोंडे आहेत. ती वहीत फक्त खातेक्रमांक म्हणून दिसतात, म्हणून आठवत नाहीत. फसवणुकींचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, उघडकीस येणाऱ्या गैरव्यवहारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कोणाच्या तरी सांगण्यावरून उघडकीस येतात, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच संस्थेत काम करणारे असतात. बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघड होणारी प्रकरणे अगदी थोडी. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेतही आतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला सावध केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. नोकरी, ओळखीपाळखी, उद्याची भाकर, सारे पणाला लावून कोणीतरी तोंड उघडले.

ते वृद्ध गृहस्थ बैठकीनंतर मला म्हणाले, "फादर, तुम्ही कठोर झालात. तुमच्याकडे तो पापनिवेदनाला आला असता, तर तुम्ही पोलिसांत गेला असता का?" मुद्दा बिनतोड वाटतो. नसतो गेलो, जाऊच शकत नाही. पापनिवेदनाची मोहोर कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही. पण येथेच ते दोन फोरुम वेगळे होतात. अंतर्गत फोरुममध्ये मनुष्य आपल्या पायांनी येतो, स्वतःविरुद्ध स्वतःच साक्ष देतो, आणि ती साक्ष देवाच्या कानी पडून तेथेच थांबते. मला जे कळते ते माझे नसतेच. त्या मुलीला जे कळते ते मात्र ठेवीदारांचे आहे. तिला तपासासाठी नेमले त्यांच्याच पैशाने. तिने ते आपल्याजवळ ठेवणे म्हणजे मोहोर पाळणे नव्हे; ती दुसऱ्यांदा घेतलेली अफरातफर होईल. उलट तिनेही माझ्या दारात पाऊल टाकू नये. कागदावरून तिने एवढेच म्हणावे की, अमुक रक्कम अमुक दिवशी अमुक खात्यातून अमुक सहीने गेली. तो मनुष्य लोभी आहे, नीच आहे, नरकात जाईल, हे तिच्या अहवालात बसत नाही. क्रेसीच्या त्रिकोणाची तिसरी बाजू ती अंदाजाने लिहू शकेल. ती आतून पाहण्याची जागा वेगळी आहे.

आणि ती जागा मऊ आहे, असा पुष्कळांचा गैरसमज आहे. चोरीच्या पापाची क्षमा मागणाऱ्याने चोरलेले परत करण्याचा खरा निश्चय केला पाहिजे, हे आम्ही सांगतोच सांगतो. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले तेव्हा चौपट परत देण्याचा शब्द दिला. चौपट देण्यासाठी कोणाचे किती घेतले ते ठाऊक हवे. म्हणजे त्याच्याकडे वही असलीच पाहिजे. ज्या हिशेबनिसाला सारे परत करायचे आहे, त्यालाही अखेर त्या मुलीने काढलेली यादीच लागेल. कोणाच्या खात्यातून किती गेले, हे खोट्या नोंदींच्या ढिगाऱ्यात तो स्वतःच विसरून गेलेला असतो.

हे सारे बँका, पतपेढ्या व विकासक ह्यांच्यापुरतेच नाही. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाला अर्थविषयक समिती ठेवण्यास सांगितले आहे, आणि भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब स्थानिक नियमानुसार भाविकांना द्यावा, असेही त्यात आहे. सणाच्या वर्गणीचा तक्ता चर्चच्या दारावर लागतो तेव्हा तो वाचावयास किती जण थांबतात, ते प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. कोणी थांबून प्रश्न विचारला, तर 'फादरांवर विश्वास नाही का?' असे त्याला म्हणणारे शेजारी तयारच असतात. विश्वास फादरांवर जरूर असावा. पावतीवर तो ठेवण्याची गरज नाही.

संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी निरनिराळ्या मंडळ्यांकडून मोठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो ह्या पैशाची व्यवस्था सांगतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. तरीही तो म्हणतो की, एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आपल्याला कोणी दोष लावू नये म्हणून तो खबरदारी घेत आहे. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य असावे. म्हणून त्याने तीतबरोबर आणखी दोन बंधूंना पाठविले. त्यांपैकी एकाची मंडळ्यांत चांगली ख्याती होती व त्या प्रवासासाठी मंडळ्यांनीच त्याची निवड केली होती. दुसरा पुष्कळ प्रसंगी पारखून घेतलेला होता. पौलाने त्या दोघांची नावे लिहिलेली नाहीत.